थोरल्या टाक्याचा तळ

"लोखंड वर ठेव, सगुणा. खाली उतरायचं ते रिकाम्या हातांनी. तळाला फक्त तळहात लागू दे. आणि पाय हळू टाक, पोरी. खाली तांबडी निजलीय."

आबांना जाऊन सव्वीस वर्षं झाली. माणूस गेला, आवाज नाही गेला. अजून तो कड्यावरून वाऱ्यासारखा येतो, कानाशी थांबतो, आणि टाक्याच्या पहिल्या पायरीवर सगुणाचं पाऊल क्षणभर अडतं.

वैशाखातली सकाळ. सह्याद्रीच्या माथ्यावर ऊन अजून कोवळं, पण त्या कोवळिकेतही दात फुटलेले. पूर्वेला देशाकडची पिवळी, थकलेली, उतरती पठारं. पश्चिमेला एकाएकी तुटलेला कृष्णपाषाणकडा, आणि त्याच्या पायाशी, दोन हजार हात खोल, निळसर धुक्याची दुलई ओढून अजून निजलेलं कोकण. अंजनीची निळी फुलं गळून गेलेली. करवंदीच्या जाळीत हिरवी, कच्ची फळं. आकाशात एकच घार, जणू कुणी निळ्या पाटीवर ओढून सोडून दिलेली रेघ.

आणि या साऱ्या तेजात, या साऱ्या विस्तारात, कातळेश्वराच्या देवळामागे, थोरलं टाकं कोरडं.

कोरडं! दोन हजार वर्षांत जे कधी आटलं नाही, दुष्काळात ज्याची फक्त एक पायरी उघडी पडे, ते टाकं आज तोंड वासून आभाळाकडे पाहत होतं. तोंडात जीभ नाही, ओल नाही. मधोमध एक भेग, आणि भेगेच्या ओठांवर तांबडी धूळ.

सगुणा पायऱ्या उतरली. तळाशी गुडघे टेकले. तळहात ठेवला. कातळ गरम होता. पाण्याखाली जो कातळ वैशाखातही थंडगार असायचा, तो कालच्या उन्हाची धग धरून तापलेल्या तव्यासारखा गरम होता. तिने हात उचलला नाही. जळू दे म्हणाली मनात. जळू दे थोडा.

ती कातळेश्वराच्या गुरवाची एकुलती लेक. सत्ताविसाव्या वर्षी कपाळ पांढरं करून माहेरी परतली, आणि आबांच्या मागे देवाची पूजा तिच्याकडे आली. आता ती अठ्ठावन्न वर्षांची. गाव तिला आक्का म्हणतं. आवाज इतका मृदू, की गाभाऱ्यात ती मंत्र म्हणते आहे की नुसता श्वास घेते आहे, हे शेजारी उभ्या असलेल्यालाही कळू नये. पहाटे स्नान, थोरल्या टाक्याचा एक कलश, एकशे आठ बेलाची पानं, मग दूधभाकरीचा घास. आणि दर सोमवारी, सूर्योदयापासून सांजवातीपर्यंत, मौन. एकतीस वर्षं. अंगात ताप होता, तरी मौन. एकदा गाभाऱ्यात नाग निघाला, तेव्हा हिने घंटा बडवून माणसं गोळा केली. पण शब्द नाही काढला.

त्या मौनाचा तिला अभिमान होता. अभिमान. हा शब्द हल्ली तिला दातांखाली खड्यासारखा लागे.

*

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे डोंगर नव्हता. कडा नव्हता, कोकण नव्हतं, दऱ्यांची नावं नव्हती, कारण नावं ठेवायला कुणाचं तोंड नव्हतं.

तेव्हा भुई उसवली. शिवणीवर जुनं लुगडं उसवावं, तशी कोसच्या कोस उसवली, आणि त्या लांबच लांब चिरांमधून पृथ्वीच्या पोटातली आग वाहू लागली. उसळली कमी, वाहिली अधिक. संथ, जड, तेजोमय, पायसासारखी दाट. दरी दिसली तर दरी भरली, टेकडी दिसली तर टेकडी झाकली. मग थांबली, निवली, काळी पडली.

मग विसावा.

त्या विसाव्यात पाऊस आला. काळा कातळ कुजला, भुसभुशीत झाला, माती झाला. त्या मातीवर नेचे उगवले असतील, कुणी सरपटलं असेल, कुणी अंडी घातली असतील. किती सहस्र वर्षं, कोण मोजतो! आणि मग पुन्हा वरून आग आली, आणि ती मऊ माती आगीखाली भाजून निघाली, विटेसारखी, कुंकवासारखी, वाळलेल्या रक्तासारखी तांबडी.

काळा थर, तांबडी रेघ. काळा थर, तांबडी रेघ. असे थरांवर थर, आगीवर आग, विसाव्यावर विसावा. मग पश्चिमेची भूमी खचली, समुद्र पायाशी आला, आणि पावसांच्या लक्षावधी हातांनी त्या राशीचा काठ कोरून कोरून मागे रेटला. जो उरला, तो सह्याद्री. पोट कापून उभा राहिलेला, आपले सगळे थर जगाला दाखवणारा, काही न लपवणारा सह्याद्री.

वीस वर्षांपूर्वी कॉलेजातल्या एक प्राध्यापिका विद्यार्थी घेऊन इथे आल्या होत्या. कमरेला हातोडी, डोक्यावर टोपी, पाय काट्यांनी रक्ताळलेले. त्यांनी सगुणाला घाटवाटेवर नेलं, कड्याच्या उघड्या अंगावरची एक तांबडी पट्टी दाखवली आणि म्हणाल्या, "ही बघा, दोन आगींमधली विश्रांती. तुमचं थोरलं टाकं हिच्या अगदी वरच्या काळ्या थरात आहे. तो थर घट्ट, म्हणून पाणी धरतो. ही तांबडी वीतभर जाडीची, पण तिच्याखालचा दगड सगळा भेगाळ. तो थेंबभरही धरायचा नाही."

सगुणा हसली होती. आबांनी हेच सांगितलं होतं, फक्त हातोडीशिवाय.

टाक्यात उतरताना त्या बाईंनी हातोडी काठावर काढून ठेवली होती. कुणी सांगितलं नव्हतं. सगुणाने नुसतं हातोडीकडे पाहिलं होतं. शिकलेल्या बाईला नजर कळली.

*

आगीनंतर माणसं आली, फार उशिरा आली.

कोकणातल्या बंदरांतून मीठ निघे, मिरी निघे, शंख निघत, परदेशी काच निघे. बैलांचे तांडे घंटा वाजवत हा घाट चढत, आणि माथ्यावर पोचेपर्यंत माणसाची जीभ टाळूला चिकटलेली, बैलाच्या तोंडाला फेस. तेव्हा कुणा एका गृहिणीने दान दिलं. तिचं नाव टाक्याच्या भिंतीवर कोरलेलं आहे, पण वाऱ्यापावसाने अक्षरं चाटून नेली. शेवटी उरली आहेत दोन अक्षरं, आणि ती कुणालाच लागत नाहीत. खालच्या दानाच्या ओळीवरून एवढं मात्र लागतं, की कुणी बाई होती, आणि तिला अनोळखी माणसांच्या तहानेची काळजी होती.

पाथरवटांनी छिन्नी धरली. वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं. काळा कातळ हाताहाताने खाली गेला. आणि एक दिवस त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने छिन्नी थांबवली. कातळावर कान टेकला, बोटांच्या सांध्याने ठोकून पाहिलं. वरचा नाद भरीव होता. खालून मात्र काहीतरी मऊ, काहीतरी मातकट उत्तर आलं.

तो थांबला. आणखी चार हात खोल जाता आलं असतं, दान देणारीने धान्यही दिलं असतं, पण तो थांबला. लोखंडाने खोदलं, आणि अखेरचा घाव घालून लोखंड वर नेलं. ते पुन्हा खाली आलं नाही.

तेव्हापासून फाल्गुनी अमावास्येला टाकी उपसायची ती अशीच. पुरुष कोयते काठावर ठेवत, कमरेचे पट्टे सोडत, बायका चाव्यांचे जुडगे काढून देत. अनवाणी उतरत. गाळ हातांनी भरत, नारळाच्या करवंट्यांनी खरवडत, शेवटी ओल्या फडक्याने तळ पुसत, बाळंतिणीचं अंग पुसावं तसा. आणि आबा गुडघ्यांवर बसून सांध्याने तळ ठोकत, लहानग्या सगुणेला म्हणत, "ऐकलंस? भरीव आहे. पुढच्या वर्षापर्यंत काळजी नाही."

दोन हजार वर्षं. किती राजवटी या घाटावरून चढल्या, किती उतरल्या. कुणी जकात घेतली, कुणी देऊळ पाडलं, कुणी पुन्हा बांधलं. तळाला मात्र कुणी हात लावला नाही. शत्रूंनीसुद्धा नाही.

तो लावला भक्तांनी!

*

माघातल्या एका सोमवारी देवस्थानाची सभा भरली. सोमवार, कारण शंकराचा वार. सोमवार, कारण अध्यक्ष आनंदराव साबळे यांना त्या दिवशी सवड. आणि सोमवार, कारण त्या दिवशी आक्का बोलत नाही. हे शेवटचं कारण कुणी उच्चारलं नाही, पण सगळ्यांच्या मिशांत ते हसत होतं.

टाकं चार हात खोल करायचं. सुरुंग लावून. खोल केलं की पाणी वाढेल, घरोघर नळ जातील, यात्रेला टँकर नको. साधं, सरळ, देवाचं काम.

सगुणा सभामंडपात पुढेच बसली होती. तिने मान हलवली. हात हलवला. दोन्ही हात जोडून नको नको केलं. शेवटी उठून अंगाऱ्याच्या ताटातलं भस्म फरशीवर पसरलं आणि बोटाने लिहिलं: तळ फोडू नका.

"आक्कांनी प्रसाद सांडला," मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला. आनंदराव उठले, अदबीने हसले, म्हणाले, "आक्कांचं मौन म्हणजे संमतीच की! शास्त्रच आहे तसं." इतिवृत्तात लिहिलं गेलं, सर्वानुमते. झाडणाऱ्या बाईने भस्म झाडून टाकलं.

एक शब्द. एक शब्द तेव्हा ओठांबाहेर पडला असता तर! पण एकतीस वर्षांचं व्रत. पाण्याच्या काठोकाठ भरलेल्या घागरीसारखं तिने ते डोक्यावर सांभाळलं होतं, थेंब सांडू दिला नव्हता. त्या दिवशीही तिने घागर सांभाळली, आणि टाकं गेलं.

फाल्गुनात इंजिन लावून टाकं उपसलं. आधी पाणी, मग गाळ, मग बेडूक. मग लोखंड उतरलं. पहार, घण, लांब लांब भोकं पाडणारं यंत्र. दुपारी डोंगर हादरला. देवळातली घंटा आपोआप वाजली, आणि लोक म्हणाले, देवाने कौल दिला.

तीन दिवसांनी भिंतीतला झरा पुन्हा पाझरू लागला. बारीक, मुकाट, आज्ञाधारक. पाणी तळाशी आलं, भेगेपाशी गेलं, आणि दिसेनासं झालं. रोज येई, रोज जाई. गाव काठावर उभं राहून पाहत राही. दहा दिवसांनी कड्याच्या कोकणाकडच्या अंगावर, तांबड्या पट्टीच्या खाली, एक ओला काळा पट्टा उमटला. जिथे ना माणसाचा हात पोचतो ना गुराची जीभ, तिथून थोरल्या टाक्याचं पाणी थेंबाथेंबाने दरीत पडत होतं. पाकोळ्या तेवढ्या त्यावरून पंख ओले करून जात.

*

"काय आक्का, सकाळी सकाळी कोरड्यात काय शोधताय? मोती?"

वरून आवाज आला. काठावर आनंदराव उभे. पांढरे कपडे, कपाळावर ताजं भस्म. शेजारी ठेकेदार, हातात मोजपट्टी. आज रविवार होता, आणि सगुणाला वाचा होती.

"तळ शोधतेय," ती म्हणाली.

"तळच तर लागला नाही अजून! म्हणून पाणी थांबत नाही. हे म्हणतात, आणखी तीन हात खाली जिवंत झरा आहे. उद्या कंप्रेसर येतोय. थोरलं पुरं करू, आणि जोडीला धाकटंही घेऊ."

धाकटं. थोरल्याच्या दक्षिणेला, शंभर पावलांवर, त्याच काळ्या थरात, त्याच हातांनी खोदलेलं. आता माणसं तेच पीत होती, देव त्याच्याच पाण्याने न्हात होता. माथ्यावरचं शेवटचं पाणी.

सगुणा पायऱ्या चढून वर आली. तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, पण पदराचं टोक मुठीत पिळवटलं गेलं होतं.

"आनंदा, पाणी खोलीत नसतं रे. तळात असतं. तू तळ फोडलास."

"अहो, पातेलं खोल असलं की भात जास्त मावतो. साधं गणित आहे."

"आणि पातेल्याला भोक पाडलं, की?"

ठेकेदार खुदकन हसला, आणि लगेच गप्प झाला. आनंदरावांचा चेहरा क्षणभर कठीण झाला.

"मग तेव्हा का नाही बोललात? सगळं गाव बसलं होतं. तुम्ही पुढ्यात होतात." त्यांनी ठेकेदाराच्या हातातली मोजपट्टी घेऊन गुंडाळली आणि त्याला परत दिली. "आणि उद्या सोमवारच आहे, आक्का. म्हणजे उद्याही तुमची हरकत नसणार."

जाता जाता त्यांनी कळसाकडे पाहून मनापासून हात जोडले. त्यांच्या आईच्या टाळूवरचे केस हंडा वाहून वाहून झिजले होते. सगुणाने पाहिलं होतं ते. घराघरात नळ यावा ही त्या लेकाची आस खोटी नव्हती. म्हणून तर राग असा जाळत होता! खोट्या माणसाला शाप तरी देता येतो.

*

तेवढ्यात पठारावरून ठकूबाई कोकरे आली. सड्यावरच्या धनगरवाड्यातली, सगुणाच्याच वयाची. डोक्यावर पालथा हंडा, मागे चार म्हशी, चारींच्या बरगड्या मोजता याव्यात अशा.

"कोरड्या टाक्याला प्रदक्षिना घालतीस व्हय गं आक्का?"

सगुणाची नजर म्हशींच्या बरगड्यांवर गेली.

"काल माझ्या म्हशीनं धाकट्यात त्वांड घातलं, तर तुझ्या गाववाल्यांनी दगडं मारली. म्हने मानसांनाच पुरंना. आन आता त्येबी फोडनार म्हनं उद्या. मंग आमी काय करायचं? कड्यावरनं उड्या टाकायच्या, त्या पाकोळ्यांवानी?"

"मी आत्ताच त्याला सांगितलं, ठकू."

"आत्ता! माघात मी हुते की तितं, पायरीखाली. तू हात हालवत हुतीस. अगं, हातानं म्हस बी हाकत न्हाई कुनी, त्वांडानं ह्यॅ करावं लागतं. मानसं हातानं हाकायला निगालीस?"

"माझं मौन होतं."

"तुझा उपास तुझ्या पोटाला," ठकूबाई म्हणाली. तिने हंडा खाली आदळला, आणि तो रिकामा नाद टाक्यात उतरून दुप्पट होऊन परत आला. "तुझं मौन माझ्या म्हशीच्या नरड्याला का?"

घार ओरडली. ऊन वर चढलं. सगुणाला वाटलं, एवढं सरळ वाक्य एकतीस वर्षांत कुणी आपल्याशी बोललं नव्हतं. सगळे पाया पडत होते.

"उद्या मी बोलीन," ती म्हणाली. "देवाशपथ."

"देवाची शपत नगं. त्येचं नि तुझं रोजचंच हाय, तू रुसशील, त्यो मनवंल. मला सबूद दे." ठकूबाईने हात पुढे केला. भेगाळलेला, शेणामातीचा, काळा, उघडा हात. "हितं ठिव."

सगुणाने त्यावर आपला हात ठेवला. तळव्याची आग अजून गेली नव्हती.

"ठेवला," ती म्हणाली.

म्हशींनी टाक्याच्या काठाशी नाकं नेली, हुंगलं, आणि माना वर केल्या.

*

त्या दुपारी तिने स्वस्थ बसून जप केला नाही. ती कड्याच्या काठाकाठाने चालत राहिली, आणि राग तिच्या आत चालत राहिला.

राग आनंदावर. राग त्या हसणाऱ्या मिशांवर, सर्वानुमते लिहिणाऱ्या लेखणीवर, पाताळ फोडून पुण्य शोधणाऱ्या भक्तीवर. देवळाच्या गुळगुळीत नव्या फरश्यांवर, कळसाच्या सोनेरी रंगावर. अरे, हा अख्खा डोंगर त्याची पिंडी आहे! तिच्यावर सुरुंग लावता, आणि वर बेल वाहता?

राग देवावर. घंटा कशाला वाजवलीस तू? हादऱ्याने वाजली म्हणावं, तर तुझा हात कुठे होता?

आणि सर्वांत खाली, सगळ्या थरांच्या खाली, जिथे ती इतके दिवस खणायला भीत होती, तिथे राग स्वतःवर. ते व्रत देवाचं होतं, की तिचं? लोक म्हणत, आक्का म्हणजे तपस्विनी. ते ऐकायला तिचे कान किती आसुसलेले असत! त्या सोमवारी तिने देवाला राखलं नव्हतं. स्वतःची घागर राखली होती. व्रत म्हणजे विकायचं नाही, मिरवायचं नाही, असं सांगणारी ती, मनातल्या मनात एकतीस वर्षं मिरवत आली होती.

मावळतीचं ऊन कड्याच्या छातीवर पडलं. थर न् थर उजळला. काळा, तांबडा. काळा, तांबडा. तांब्याच्या, गेरूच्या, राखेच्या छटांनी डोंगर पेटल्यासारखा दिसला. पण पेटलेला नव्हता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच तो पेटून झाला होता. तेव्हाची ती सर्वग्रासी आग आता दगड होऊन उभी होती, घट्ट, स्थिर. धाकट्या टाक्याचं हिरवं पाणी तिनेच उराशी धरलं होतं.

सगुणा बराच वेळ त्या कड्याकडे पाहत राहिली. मग देवळात जाऊन तिने सांजवात लावली. बेल निवडताना एक पान फाटलं. फाटलेलं पान देवाला चालत नाही. तिने ते बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं, तेही फाटलं. तिसऱ्यावर हात स्थिर झाला.

*

सोमवार उजाडला.

उजाडण्याआधी तिचं स्नान झालं. धाकट्या टाक्यातून कलश भरून आणला. जाताना एका हाताने भिंत चाचपत गेली, आजारी माणसाची कूस चाचपावी तशी. गाभाऱ्यात काळोख होता आणि काळोखात समईची एकच पिवळी कळी. बाहेर दूर, देशाकडच्या वळणावर, ट्रॅक्टर घाटमाथा चढू लागल्याची घरघर.

दर सोमवारी या घटकेला ती ओंजळीत पाणी घेई. "आज सांजवातीपर्यंत ही वाचा तुझ्या पायाशी," एवढंच म्हणे, आणि पाणी ताम्हनात सोडी. त्यानंतर दिवसभर शब्द नाही.

आजही तिने ओंजळ भरली. पाणी बोटांच्या फटींतून ठिबकू लागलं. तिने ओंजळ आवळली, पाणी थांबलं. समईची कळी त्या इवल्या पाण्यात थरथरली. बाराशे, सोळाशे सोमवार या तळहातांवरून गेले होते, त्या साऱ्यांची शीतल, शुभ्र, नीटनेटकी रास तिच्या मागे उभी होती, आणि ती पाहत होती.

घागर राखायची, की पाणी?

तिने ओंजळ ताम्हनात सोडली नाही. सरळ पिंडीवर रिती केली. संकल्पाचे शब्द ओठांवर आले आणि तिने ते तिथेच थांबवले. एकशे आठ पानं वाहिली, घाई न करता, एकेक. आज एकही पान फाटलं नाही. राग होताच, काल होता तेवढाच होता. पण तो वाहत नव्हता, निवून बसला होता, काळा, जड, भरीव.

"देवा," ती हळूच म्हणाली. सोमवारी, सूर्य उगवता उगवता, एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्या गाभाऱ्याने तिचा आवाज ऐकला. "येते मी. उशीर झालाय."

पिंडीवरून पाणी ओघळत राहिलं. देव काही बोलला नाही. त्याचं मौन तिने संमती म्हणून घेतलं नाही आणि नकार म्हणूनही नाही. उंबऱ्याला हात लावून ती बाहेर पडली.

ट्रॅक्टर आता देवळाच्या वळणावर आला होता. त्याच्यामागे यंत्र, यंत्रामागे माणसं, माणसांपुढे पांढऱ्या कपड्यांतले आनंदराव. त्यांनी तिला पाहिलं, आणि सोमवार लक्षात आणून, हसून, नुसते हात जोडले. सड्यावरून ठकूबाईच्या म्हशी एका रांगेत उतरत होत्या. सगुणाने पदर खोचला. अनवाणी पावलांनी तिने वाट घेतली, देवळामागून, कोरड्या काठावरून, दक्षिणेकडे, धाकट्या टाक्याकडे. ती धावत नव्हती. शंभर पावलांची तर वाट. एकेक पाऊल भुईला सांगून टाकावं तसं ती टाकत होती.

आणि पूर्वेला सूर्य वर आला. त्यासरशी सह्याद्रीने आपली अवाढव्य, निळीकाळी सावली कोकणावर अंथरली, गावांवर, नद्यांवर, थेट समुद्राच्या ओठापर्यंत. त्या सावलीच्या अगदी काठावर, उजेड जिथे सुरू होतो तिथे, बाईमाणसाची एक लहानशी सावली होती. ती चालत होती. पुढे पुढे चालत होती. थांबत नव्हती.